पक्षाघातानंतर हातावर चढवायचा रोबो: घ्यावा का, आणि कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ६१ वर्षांचे, साडेचार महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात गेला. काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. खांदा थोडा वर येतो, कोपर वाकतं, पण हात पुढे करायला गेले की मूठ आवळली जाते. एका केंद्राने हातावर चढवायच्या रोबोची ३० सत्रं सुचवली आहेत. शिवाय परदेशातला चुलतभाऊ मोटारीवर चालणारा हातमोजा पाठवायला तयार आहे. यातलं काय घ्यावं आणि हात परत येईल का?

मी बावीस वर्षं ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून प्रामुख्याने पक्षाघाताच्या हातांवरच काम करते. गेली आठ वर्षं आमच्याकडे रोबोही आहे. म्हणून आधी उत्तर देते, कारणं मागून. तुम्ही वर्णन केलेल्या हातासाठी रोबोची सत्रं वाया जाणार नाहीत, मात्र ती चालू थेरपी बंद करून घेऊ नका, तिच्या जोडीला घ्या. हातमोजा आत्ता मागवू नका. आणि हात परत येईल की नाही हे ठामपणे सांगणारा कोणी भेटला, तर त्याने बाबांची बोटं तपासली होती का एवढं आठवून पाहा.

बोटांचं एवढं महत्त्व का, ते सांगते. बाबा चालू लागले पण हात हलत नाही, याचं घरच्यांना नेहमी कोडं पडतं. चालणं बरंचसं कण्यातल्या जुन्या जाळ्यांवर आणि मेंदूच्या खोडातून उतरणाऱ्या ढोबळ वाटांवर निभावून जातं. एकेक बोट सुटं हलवायला मात्र मेंदूच्या पृष्ठभागावरून थेट कण्यात जाणारी वाट लागते आणि तिला पर्याय फार थोडे. ही वाट किती शिल्लक आहे हे घरबसल्या सांगणारी सर्वांत चांगली खूण म्हणजे बोटं उघडणं. नेदरलँड्समधल्या २०१० च्या एका अभ्यासात पक्षाघातानंतर ७२ तासांच्या आत रुग्णाचा खांदा बाजूला थोडा तरी उचलला जातो का आणि बोटं थोडी तरी उघडतात का, एवढंच पाहिलं होतं. दोन्ही जमणाऱ्यांपैकी ९८ टक्के लोकांच्या हाताला सहा महिन्यांत काही ना काही कौशल्य आलं. दोन्ही न जमणाऱ्यांत हे प्रमाण २५ टक्के होतं. त्या पहिल्या दिवसांत बाबांची बोटं हलत होती का, हे घरात कोणाला आठवत असेल तर विचारून ठेवा. डिस्चार्जच्या कागदावर ते क्वचितच लिहिलेलं असतं.

आजची स्थिती तपासायची तर बाबांचा हात टेबलावर ठेवा, मनगटाखाली घडी केलेला नॅपकिन द्या आणि मनगट तुमच्या हाताने सरळ धरा. मग मूठ उघडायला सांगा आणि दहा सेकंद बघत राहा. मनगट सरळ धरणं महत्त्वाचं, कारण ते खाली लोंबलं की स्नायूंच्या दोऱ्या ताणून बोटं आपसूक उघडतात आणि घरचे आनंदून जातात. सरळ मनगटावर एका बोटाचं पेर दोन मिलिमीटर जरी उचललं गेलं, तरी माझ्यासाठी ती मोठी बातमी असते. तेव्हा बाबांचा व्हिडिओ काढा आणि तारीख टाकून ठेवा.

आता रोबोकडे वळू. मेंदू नवी वाट शोधतो ती वापरातून, म्हणजे पुन्हा पुन्हा केलेल्या प्रयत्नांतून. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूतला बदल दिसला, तिथे एका बैठकीत शेकड्यांनी हालचाली करून घेतलेल्या असतात. माणसांचं काय? अमेरिकेत २००९ मध्ये थेरपीच्या सत्रांमध्ये बसून मोजणी केली, तेव्हा हाताने प्रत्यक्ष काम करण्याची आवर्तनं सत्रामागे सरासरी ३२ भरली. आपल्याकडे कोणी मोजलं तर फार वेगळा आकडा येईल असं मला वाटत नाही. दोष थेरपिस्टचा नाही. जड, निर्जीव हात एका हाताने पेलायचा, दुसऱ्या हाताने खांदा सांभाळायचा, रुग्णाला धीर द्यायचा आणि मागे सहा जण रांगेत. रोबोवर तासाभरात हजारभर हालचाली होऊ शकतात, आणि यंत्राची खरी कमाई तीच आहे.

ती कशी होते हे तुम्हाला यंत्राशिवायही बघता येईल. बाबांना खुर्चीत बसवा आणि समोरचा पेला घ्यायला हात पुढे करायला सांगा. खांदा वर चढेल, कोपर वाकेल, मूठ आवळेल. आता त्यांचं कोपर आणि मनगट तुमच्या तळव्यांवर अलगद घ्या, हाताचं सगळं वजन तुम्ही पेला आणि तोच पेला पुन्हा दाखवा. बऱ्याच रुग्णांचं कोपर आता बरंच अधिक उघडतं, कधी कधी बोटंसुद्धा सैल पडतात. ताकद काही मधल्या मिनिटात वाढलेली नसते. पक्षाघातानंतर खांद्याला वजन उचलायला लागलं की मेंदूचा निरोप ढोबळ वाटेने जातो आणि त्या वाटेवर खांदा, कोपर, बोटं यांची गाठ बांधलेली असते. एक ओढलं की तिन्ही ओढली जातात. वजन काढून घेतलं की गाठ सैल होते. शिकागोच्या संशोधकांनी हे वर्षानुवर्षं मोजून दाखवलं आहे. हातावर चढवायचे बहुतेक रोबो मुळात हेच करतात. हाताचं वजन स्वतःवर घेतात आणि मग रुग्णाला जमेल तेवढं करू देतात.

यंत्रं मात्र एकसारखी नसतात आणि केंद्राच्या माहितीपत्रकावर सगळ्यांना 'रोबो' म्हणतात. काहींत मोटार नसतेच, फक्त स्प्रिंगा असतात. त्या हात तोलून धरतात आणि हलवायचं रुग्णाने. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथल्या विद्यापीठात असा सांगाडा तयार झाला, तोच पुढे आर्मियो स्प्रिंग नावाने जगभर गेला. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात बनलेल्या आर्मिन या सांगाड्यात सांध्यासांध्याला मोटार आहे. त्याचा बाजारातला अवतार आर्मियो पॉवर. मायोप्रो नावाचा पट्टा दंडाला आणि मनगटाला बांधतात. स्नायूतून येणारा विजेचा क्षीण संदेश त्वचेवरून टिपून तो कोपर आणि मूठ हलवतो, आणि घरात घालून वावरता येतो. अलीकडे हार्वर्डमध्ये कॉनर वॉल्श यांचा गट कापडी जाकिटावर काम करतो आहे. काखेखालचा फुगा हवेने भरला की दंड वर उचलला जातो. ते काम मी आस्थेने वाचते, कारण जड सांगाड्यात बसवताना वयस्कर रुग्णांची होणारी तारांबळ रोज बघते. पण ते अजून संशोधनाच्या पायरीवर आहे, तुमच्या आजच्या निर्णयात धरू नका.

बाबांसाठी यातलं कोणतं? मोटार लागेलच असं नाही. खांदा आणि कोपर थोडं हलतं आहे, म्हणजे आधी वजन तोलणारं यंत्र पुरेल. मोटारीचं यंत्र असेल तरी चालेल, पण एक गोष्ट पक्की विचारून घ्या: मोटार कधी मदत करते? रुग्णाने सुरुवात केल्यावर आणि लागेल तेवढीच, की पडद्यावर घंटी वाजली की आपोआप?

या एका प्रश्नावर मी अडून बसते, कारण आपला मेंदू काटकसरी आहे. मदत मिळते आहे हे कळलं की तो अंग चोरतो. हात यंत्रात फिरत राहतो, समोरच्या पडद्यावरच्या खेळात फळं टोपलीत पडतात, गुण वाढतात आणि रुग्णाचा स्वतःचा जोर सत्रागणिक कमी होत जातो. हे जाणूनबुजून होत नाही, कष्टाळू माणसाचंही होतं. म्हणून चांगल्या यंत्रात मदत हळूहळू काढून घेण्याची सोय असते, आणि चांगला थेरपिस्ट ती रोज थोडी काढतो. दहाव्या सत्रात मदतीचा आकडा पहिल्या सत्राएवढाच असेल, तर केंद्राला कारण विचारा. विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आता पुराव्याबद्दल, कारण माहितीपत्रकात फक्त हसरे चेहरे असतात. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये पक्षाघाताला बराच काळ उलटलेल्या १२७ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ३६ सत्रं रोबोवर घेतलेल्यांची तुलना दोन गटांशी केली होती: एक नेहमीचे उपचार घेणारा आणि दुसरा माणसाकडून तितक्याच भरगच्च आवर्तनांची थेरपी घेणारा. १२ आठवड्यांनंतर रोबोवाले नेहमीच्या उपचारांपेक्षा लक्षणीय पुढे नव्हते. ३६ आठवड्यांनंतर थोडे पुढे गेले, हाताच्या हालचाली मोजणाऱ्या ६६ गुणांच्या फ्यूगल-मायर चाचणीत जेमतेम तीन गुणांनी. भरगच्च थेरपीवाल्या गटापेक्षा ते कधीच पुढे गेले नाहीत. माझ्या मते या अभ्यासाचा गाभा इथे आहे. माणसाने तेवढी आवर्तनं करून घेतली तर तेवढंच मिळतं. फक्त तशी करून घ्यायला रोज तासभर मोकळा माणूस कुठून आणायचा?

स्वित्झर्लंडमध्ये चार केंद्रांत खुद्द आर्मिन वापरून झालेला अभ्यास २०१४ मध्ये आला. नेहमीच्या थेरपीपेक्षा रोबोच्या बाजूने फरक निघाला, पण तो एका गुणापेक्षाही कमी, ०.७८. जास्त अधू हातांना त्यातल्या त्यात अधिक फायदा झाला. मग २०१९ मध्ये ब्रिटनमधला सर्वांत मोठा अभ्यास आला, ७७० रुग्णांचा. तिथे वापरलेला रोबो अंगावर चढवायचा नव्हता. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी विकसित केलेलं, मूठ धरून टेबलालगत हात फिरवायचं ते यंत्र होतं. आठवड्याला तीन दिवस, ४५ मिनिटं, १२ आठवडे. रोबो गटाच्या हालचालींचे गुण नेहमीच्या उपचारांपेक्षा थोडे वाढले, पण हाताने कामं करण्यात म्हणावा असा फरक पडला नाही.

हा निकाल आला त्या आठवड्यात आमच्या विभागात बरीच निराशा होती. मला मात्र त्यात एक ओळखीची गोष्ट दिसली. आमच्याकडे पूर्वी एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक यायचे. यंत्रावरचे त्यांचे गुण महिन्याभरात दुपटीने वाढले होते. मी खूश होते. एकदा त्यांच्या पत्नीला सहज विचारलं, जेवतात कोणत्या हाताने? त्या म्हणाल्या, "डाव्यानंच. चमच्यानं. उजवा मांडीवर ठेवतात." तीस दिवस मी त्यांना हवेतली फळं वेचायला लावत होते आणि घरी ताटाला हात लागत नव्हता. उजव्या हाताने वरण-भात कालवून खाणं ही त्यांची सगळ्यात मोठी इच्छा होती आणि मी ती विचारलीच नव्हती. त्या दिवसापासून माझ्याकडे रोबोचं सत्र संपलं की सांगाडा काढून लगेच वीस मिनिटं खरं काम असतं. हात नुकताच सैल झालेला असतो, ती वेळ दवडायची नाही. पोळीचा तुकडा मोडणं, ओला नॅपकिन पिळणं, डब्याचं झाकण काढणं, शर्टाच्या बाहीत हात घालणं. सुरुवातीला पोळी चुरगळते, दुधात भिजवून मऊ करून द्यावी लागते. चालतं. वाहककाकांना ताटापर्यंत पोचायला आणखी अडीच महिने लागले.

म्हणून तुम्ही ज्या केंद्रात जाल तिथे यंत्राआधी यंत्रानंतरची वीस मिनिटं कोण देणार हे विचारा. पहिल्या दिवशी मोजमाप करतात का तेही विचारा. फ्यूगल-मायरसारख्या चाचणीचे गुण लिहून तुमच्या हातात द्यायला हवेत. यंत्राच्या खेळातले गुण त्यासाठी धरू नका, सरावाने ते वाढतातच.

खांद्याबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवं, कारण इथे नुकसान होऊ शकतं. लुळ्या हाताचा खांदा खोबणीतून खाली उतरलेला असू शकतो. खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवलं तर खाच लागते. तसं असेल किंवा हात हलवताना दुखत असेल, तर यंत्रात बसवण्याआधी डॉक्टरांनी खांदा तपासलाच पाहिजे. सांगाड्याचा सांधा आणि बाबांचा सांधा एका रेषेत नसेल तर प्रत्येक हालचालीत खांदा घासला जातो, आणि हजार हालचालींत हजार वेळा. पहिल्या सत्रात यंत्र मापाला लावायला अर्धा तास गेला तर कुरकुर करू नका, तो सत्कारणी लागलेला वेळ आहे. पंजा सुजून लालसर, चकचकीत दिसत असेल आणि स्पर्शही सहन होत नसेल, तर आधी त्यावर उपचार. फिट येऊन गेली असेल तर केंद्राला सांगा. आणि बोटं-कोपर फार घट्ट आवळलेली असतील तर पुनर्वसनतज्ज्ञ किंवा न्यूरोलॉजिस्टना स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनमच्या इंजेक्शनबद्दल विचारा. ते दिल्यानंतरच्या आठवड्यांत रोबोची सत्रं ठेवली तर मोकळ्या झालेल्या स्नायूंना काम मिळतं. आधी सत्रं संपवायची आणि मग इंजेक्शन घ्यायचं, असा उलटा क्रम मी पुष्कळदा पाहते आणि हळहळते.

हातमोजा का नको, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. बाजारातले बहुतेक मोजे हवेने किंवा तारांनी बोटं उघडतात-मिटतात, ठरलेल्या तालावर. बाबा टीव्ही बघत असले तरी मोजा आपलं काम करतच राहणार. त्याने बोटांचे सांधे मोकळे राहतील, सूज थोडी उतरेल, आणि तेवढंच हवं असेल तर ते तुम्ही दिवसातून दोनदा हाताने करू शकता. चुलतभावाला पाठवायचंच असेल तर स्नायूचा संदेश टिपून चालणारा पाठवायला सांगा, आणि तोही बोटं उघडणाऱ्या स्नायूत संदेश सापडतो का हे इथे तपासून घेतल्यावर. दिल्लीत आयआयटी आणि एम्स यांनी मिळून मनगट आणि बोटांसाठी केलेला सांगाडा याच तत्त्वावर आहे: रुग्णाचा स्नायू जागा झाला तरच यंत्र हलतं. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून केलेलं प्लुटो हे टेबलावर मावणारं, हाताच्या व्यायामाचं यंत्रही आपल्या दवाखान्यांचा आणि घरांचा विचार करून बनवलेलं आहे. मुंबई-पुण्यापलीकडे, परभणीत किंवा सावंतवाडीत, हाताचं यंत्र पोचायचं तर ते अशाच रस्त्याने पोचेल असं मला मनापासून वाटतं.

सत्रं आठवड्यातून तीन दिवस असतील, तर उरलेले चार दिवस घरचे. "घरी व्यायाम करून घ्या" एवढं सांगून कागद हातात दिला तर काय होतं, हे आपल्याच देशात तपासलं गेलं आहे. १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांच्या घरच्यांना थेरपी शिकवून पाहिली. २०१७ मध्ये निकाल आला तेव्हा सहा महिन्यांनंतर मृत्यू आणि परावलंबित्व यांच्या प्रमाणात फरक नव्हता. घरच्यांची माया कमी पडली असं मी मानत नाही. दिवसभराच्या धबडग्यात आवर्तनांचा आकडा भरत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी घरच्यांना आकडाच देते.

छताला झोपाळ्याचा हुक असेल तर त्याला दोरी बांधा आणि खाली सुती दुपट्ट्याची झोळी करून त्यात बाबांचा हात कोपराच्या अलीकडे-पलीकडे आधार मिळेल असा ठेवा, छातीच्या थोडा खाली. वजन गेलं. आता समोर टेबलावर वाटी ठेवून तिला हात लावून परत यायचं. एका बैठकीला पन्नास वेळा, दिवसातून चार बैठका. वहीत रेघा मारा, पाच-पाचच्या गठ्ठ्याने. हुक नसेल तर गुळगुळीत टेबलावर पावडर टाका, हाताखाली रुमाल ठेवा आणि तो पुढे सरकवायला सांगा. हात ढकलून देऊ नका. बाबांचा प्रयत्न अडला की तीन मोजा, मग बोटभर मदत करा. थकले की थांबा. खांदा दुखला तर त्या दिवशी बंद.

साडेचार महिने झाले म्हणून घाबरून कर्ज काढू नका. आपोआप होणारी सुधारणा बरीचशी पहिल्या तीन महिन्यांत होते हे खरं आहे. पण लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात निक वॉर्ड यांच्या गटाने तीन आठवड्यांत ९० तासांची हाताची थेरपी दिली. त्यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या २२४ रुग्णांपैकी निम्म्यांना पक्षाघात होऊन दीड वर्ष किंवा त्याहून जास्त काळ झाला होता, आणि तरीही त्यांचे हात सुधारले, सुधारणा सहा महिन्यांनंतरही टिकली. तिथे रोबो हा मोठ्या थेरपीतला छोटा भाग होता. ९० तास हा आकडा लक्षात ठेवा, आणि पॅकेजमधली ३० सत्रं प्रत्यक्षात किती तास होतात ते काढा.

या आठवड्यात बोटांचा व्हिडिओ आणि खांद्याची तपासणी करून घ्या, बाबांना उजव्या हाताने पहिलं कोणतं काम करायचं आहे ते त्यांनाच विचारा. मेंदूच्या डाव्या बाजूच्या पक्षाघातात अनेकदा बोलणं अडतं. तसं असेल तर ताट, कंगवा, पेन समोर ठेवून बोट दाखवायला सांगा. मग ३० पैकी १२ सत्रांचेच पैसे भरा. बाराव्या सत्रानंतर त्याच चाचणीचे गुण पुन्हा मोजायला सांगा आणि दोन्ही व्हिडिओ शेजारी ठेवून बघा. चार-पाच गुण वाढले असतील, किंवा त्यांनी दाखवलेल्या कामात हात आधीपेक्षा पुढे येत असेल, तर उरलेली १८ घ्या. नसेल तर झोळी आणि वही चालू ठेवा, आणि पॅकेजचे उरलेले पैसे घरी येणाऱ्या थेरपिस्टला द्या.